बांधावर दोनदा दिवा

मुंबईत समोरच्याने डिपर मारला तर त्याचा अर्थ एकच: मी येतोय, बाजूला हो. खाडीच्या बांधावर बरोबर उलटं आहे. आमच्या मुलुंड पूर्वेकडून मिठागरांच्या कडेने एक रस्ता कोळीवाड्याकडे जातो. जेमतेम एक गाडी मावेल एवढाच. दोन्ही बाजूंना चिखल आणि तिवरांची झाडी, मध्ये वळायला जागा नाही, दिव्याचा खांब नाही. पूर्वी मिठाचे ट्रक जायचे, त्या ड्रायव्हरांनी पाडलेली रीत अजून चालू आहे. बांधाच्या तोंडाशी थांबून मोठा दिवा दोनदा दाखवायचा, म्हणजे 'तू ये, मी थांबतो'. त्या दिव्यावर विसंबून पलीकडचा माणूस बिनधास्त गाडी बांधावर घालतो. तिथे कोणी खोटा दिवा दाखवल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

मग तो आमच्या ह्यांनी दाखवला, असं सगळे म्हणायला लागले.

हे म्हणजे भाऊ. घरात, सोसायटीत, कोळीवाड्यात सगळ्यांचे ते भाऊच, मी तेवढी 'अहो' म्हणते. ट्रॉम्बेच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता त्र्याहत्तरावं चालू आहे. दर शनिवारी संध्याकाळी बांधावरून जाऊन कोळीवाड्यातल्या कमळकडून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणायच्या, हा त्यांचा नेम. बाजार घराखाली आहे, तिथे चिंबोऱ्या मिळत नाहीत असं नाही. पण कमळचा नवरा धर्मा टेम्पो चालवतो, आणि त्याच्याशी गप्पा ठोकल्याशिवाय ह्यांचा आठवडा संपत नाही. चिंबोऱ्या आपल्या निमित्ताला.

दिवाळीत मिहिरने, म्हणजे आमच्या मुलाने, नवी गाडी घेतली. जुन्या गाडीत दिव्यांची एक दांडी आणि दोन दिवे होते. हिच्यात बसलं की पुढे टीव्ही लागतो, पट्टा लावा म्हणून ती ओरडते, मागे घेताना किणकिण करते. मी म्हटलं, अहो, घरात मी आहे ना सूचना द्यायला, गाडी कशाला हवी? ह्यांना मात्र गाडी आवडली. मुलुंडच्या झगझगीत रस्त्यांवर ते ती आठवडाभर फिरवत राहिले आणि काहीही बिघडलं नाही. मग शनिवार आला.

दिवस थंडीचे, सातला मिट्ट काळोख. हे बांधाकडे निघाले होते. पलीकडून धर्मा टेम्पो घेऊन बाहेर पडत होता, शेजारी कमळ, मागे बर्फाच्या पेट्या आणि चिंबोऱ्यांच्या टोपल्या. धर्माला लांबून ह्यांचा दिवा दिसला, मोठा झाला, लहान झाला, पुन्हा मोठा, पुन्हा लहान. भाऊ थांबलेत असं समजून त्याने टेम्पो घातला. ह्यांना समोरून कसलीच खूण दिसली नव्हती, तेव्हा बांध मोकळा समजून ह्यांनीही गाडी घातली. मध्यावर दोघे समोरासमोर आले. म्हाताऱ्या माणसाला काळोखात गाडी मागे घ्यायला कुठे सांगायचं, म्हणून बिचाऱ्या धर्मानेच टेम्पो मागे घेतला. मागचं चाक बांधावरून घसरलं, टेम्पो चिखलात कलंडला आणि कमळच्या मनगटाचं हाड मोडलं.

ह्यांचा फोन आल्यावर मी आणि मिहिर पोचलो तेव्हा कमळ हात पोटाशी धरून बसली होती. धर्मा चिडला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "भाऊ, तुमी दोनदा दिवा दाखवला, म्हनून मी आलो ना," एवढंच तो म्हणत होता.

"मी नाही दाखवला रे," हे म्हणाले.

"मी डोल्यांनी बघितला, भाऊ."

"मीपन बघितला," कमळ हळूच म्हणाली.

हे तिच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाखवला असेन. तुम्ही दोघं खोटं कशाला बोलाल?"

मिहिर तिथेच उभा होता. त्याने गाडीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. येताना गाडी त्याने चालवली.

आता इथे ह्यांच्या मोठ्या भावाचं, अण्णांचं सांगायला हवं. अण्णा शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला 'बाई, आपण कुणाच्या?' असं विचारायचे. त्यांचंही सुरू झालं ते अशाच बारीकसारीक गोष्टींपासून, हाताने करायचं आणि विसरायचं. ह्यांना मरणाची भीती नाही, हृदयाचं ऑपरेशन हसत करून आले. पण अण्णांसारखं होण्याची भीती ते कित्येक वर्षं उशाशी घेऊनच झोपत आले. आता ती उठून बसली.

घरात एक जीव बेचैन असला की दुसऱ्यालाही जागेवर बसवत नाही. हे हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. गॅस बंद केला का ते बघायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. पाढे म्हणायचे, एकोणतीसचा सुद्धा, आणि बरोबर आला की चेहरा उजळायचा तो पुढच्या विसरलेल्या गोष्टीपर्यंत. चष्मा कुणाचा हरवत नाही? पण ह्यांचा हरवला की आम्ही दोघं एकमेकांची नजर चुकवायचो. दुधाची पिशवी मी फ्रिजऐवजी कपाटात ठेवली तर मी वेंधळी, ह्यांनी ठेवली तर अण्णा. मला माझाच राग यायचा.

"डॉक्टरांना दाखवू या," म्हणून मी मिहिरच्या मागे लागले.

"काही गरज नाही गं आई. वय झालं की होतं. गाडी नाही चालवली म्हणजे झालं."

वडिलांचं डोकं कामातून चाललंय म्हणून मी कासावीस, आणि मुलगा इतका निवांत. मी मनात म्हटलं, मला धीर देतोय बिचारा.

ह्यांचं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. "सुहास, दिवा दाखवला असेल तर हात हलला असेल ना? मला हात हललेला आठवतच नाही." ते मला हे इतक्यांदा म्हणाले की एका दुपारी मी डब्यात शिरा घेतला आणि रिक्षाने एकटीच कमळकडे गेले. प्लास्टर घातलेल्या हाताने ती जाळ्याची गाठ सोडवायला बघत होती, तिला ओरडले, मग धर्माला विचारलं की दिवा नेमका कसा दिसला ते सांग.

त्याने जरा विचार केला. "दिवा हलू हलू वर गेला नि हलू हलू खाली आला. भाऊंचा हात तसा नाय. भाऊ टकटक मारतात."

"मग हे तेव्हाच का नाही बोललास?"

"नवी गाडी, वैनी. मी म्हटलं, नव्या गाडीत तसाच होत असेल."

परत येताना रिक्षात मला बसवेना. मिहिर ऑफिसला गेला होता. त्याच्या कपाटात, मोज्यांच्या खाली किल्ली होती. चोरी म्हणा हवं तर, पण स्वतःच्या मुलाचे मोजे मी धुते, तेव्हा तेवढा हक्क मला आहे. अंधार पडल्यावर किल्ली ह्यांच्या हातात दिली.

"नको," हे म्हणाले. "पुन्हा कुणाला काही झालं तर?"

"धर्मा पलीकडे टेम्पो लावून उभा राहतोय, बांधावर येणार नाही. तुम्हीही बांधावर जायचं नाही, तोंडापर्यंतच. मी शेजारी बसते आणि तुमच्या हातांवरून नजर काढत नाही. हात हलला तर हलला, सांगेन खरं."

ह्यांनी किल्ली घेतली. मिठागरांपाशी दिव्याचा शेवटचा खांब मागे पडला आणि गाडीपुढे काळोख आला. मी फोन लावून मांडीवर ठेवला, त्यात धर्माच्या टेम्पोची घरघर ऐकू येत होती. ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर वरच्या बाजूला घट्ट धरले होते, बोटं पांढरी पडली होती. गाडीने जरा वेग घेतला. ह्यांच्यासमोरच्या पडद्यावर एक छोटी निळी खूण उमटली आणि तिवरांचे शेंडे एकदम उजळले.

"वर गेला," फोनमधून धर्मा म्हणाला.

हात जागेवर होते. रस्त्याच्या कडेला आता लाल चकत्या लावलेले खांब आहेत. आमचाच दिवा त्यांच्यावर पडून चमकला, आणि पुढे कुठली तरी गाडी आहे असं समजून आमच्या ह्या शहाण्या गाडीने आपणहून दिवा खाली घेतला. खांब मागे पडला, दिवा पुन्हा वर. पुढचा खांब आला, पुन्हा खाली.

"दोनदा झाला," धर्मा म्हणाला. "भाऊ, बोलावताव का मला?"

"नाही रे धर्मा," मी ओरडले. "कुणीच बोलवत नाही तुला. हात चाकावर आहेत. मी बघतेय, चाकावर आहेत."

ह्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि कपाळ चाकावर टेकलं. पाठ हलत होती. मी पाठीवर हात ठेवला. "मी नव्हतो, सुहास," ते म्हणाले. "तुम्ही नव्हता," मी म्हटलं. कितीतरी वेळ आम्ही एवढंच बोलत होतो, आणि मला आठवतंय तेवढ्यात तरी लग्नानंतर इतका आनंद मला कशाचा झाला नव्हता.

येताना ते गुणगुणत होते. घरी मिहिर आणि आमची सून रेवती नुकतेच आले होते. मिहिर टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. मी चप्पल न काढताच सुरू झाले: गाडी कशी आपोआप दिवा वर करते, खांबाला फसून कसा खाली घेते, लांबून बघणाऱ्याला तीच बांधावरची खूण कशी वाटते. मला वाटलं होतं, तो उडी मारून उठेल.

"हो, ऑटोवर आहे ते," मिहिर म्हणाला. त्याची नजर पडद्यावरच होती. "बंद करता येतं."

रेवती पाण्याचे ग्लास घेऊन आली. "ते इगतपुरीला जाताना तू मला दाखवलंस तेच ना रे? समोरून गाडी आली की दिवा आपोआप खाली? मला काय माहीत, बांधावर त्याचा असा अर्थ होतो ते. तुला तर भाऊंनी लहानपणापासून नेलंय तिकडे."

मिहिरने लॅपटॉप मिटला. इगतपुरीला ते गाडी आल्यावर पहिल्याच रविवारी गेले होते.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"आई, ऐक ना. मी फसवलं नाही कुणाला. त्या दिवशी बांधावर पोचल्यावर माझ्या डोक्यात आलं होतं. बोलणारच होतो. तेवढ्यात भाऊच म्हणाले, दाखवला असेन."

"आणि तू किल्ली खिशात टाकलीस."

"मग काय करू? किती वर्षं सांगतोय, गाडी सोडा म्हणून. ऐकतात माझं? म्हटलं, या निमित्ताने सुटेल. कमळमावशींचा हात मोडला, उद्या भाऊंची मान मोडली असती तर? मला भीती वाटते यार. फोन वाजला की वाटतं, भाऊंचंच काहीतरी असणार."

त्याची भीती खरी होती, हे मलाही कळत होतं. म्हणून तर अंगाचा जास्त तिळपापड झाला. "ह्या घरात एक माणूस दिवसभर पाढे म्हणत फिरत होता," मी म्हटलं, "तू जेवताना ऐकत होतास. अण्णांचं कसं झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालंय. आणि मला म्हणालास, डॉक्टरची गरज नाही."

रेवती ग्लास घेऊन तशीच उभी होती.

हे इतका वेळ दारातच होते. पुढे आले, खुर्ची ओढून मिहिरच्या समोर बसले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"ही तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "वयाचं तू बोलतोस ते खोटं नाही. मी आता नाही चालवणार."

"भाऊ, सॉरी. मला खरंच..."

"थांब, मला बोलू दे. अण्णाला शेवटी काहीच आठवायचं नाही. आम्ही सांगू ते त्याला खरं. जेवलास म्हटलं की म्हणायचा, हो जेवलो. उपाशी असला तरी. आज माझं डोकं ठिकाणावर होतं, म्हणून मला जाऊन बघता आलं. उद्या ते नसेल, तेव्हा काय घडलं आणि काय नाही ते मला तूच सांगणार. मला तपासून बघता येणार नाही." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तेव्हा माझ्याशी खरं बोलशील?"

मिहिरचे डोळे भरले. "बोलेन," तो म्हणाला.

मग हे माझ्याकडे वळले. "सुहास, ऐकलंस ना? माझ्या लक्षात नाही राहिलं तर तुझ्या राहू दे."

मी हो म्हटलं. मिहिर माझा एकुलता एक मुलगा आहे, आणि त्या संध्याकाळपासून तो ह्यांना जे जे सांगतो, ते मी कान देऊन ऐकते.