उघड्या टपाची गाडी

२०२२ साली दसऱ्याच्या आधी आमच्या कुंडलच्या घरी लाल गाडी आली, आणि तुळशीची लग्नं लागेपर्यंत त्या घरात कुणाचा कुणावर विश्वास म्हणून राहिला नाही.

गाडी आणली उदयसिंहानं. माझ्या थोरल्या जाऊबाई चंद्राबाई, त्यांचा हा एकुलता मुलगा. गाडी पुण्याहून आणलेली, जुनी, परदेशी बनावटीची आणि कापडी टपाची. बटण दाबलं की मागच्या सीटमागचं झाकण आपोआप वर व्हायचं, टप घड्या घालत मागं जायचा, त्या खोलगट जागेत बसायचा आणि झाकण पुन्हा मिटायचं. पहिल्या दिवशी अर्धी गल्ली आमच्या अंगणात उभी होती. माझे मालक हिंदुराव पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, सहसा कशाचं नवल न करणारे. तेही म्हणाले, "परत दाब बघू."

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो. त्याला परण्या म्हणतात. माझ्या लग्नात मालक घोड्यावर बसले होते. घोडा तासगावचा. बँडला बुजून तो मारुतीऐवजी तालमीकडं गेला आणि वऱ्हाड त्याच्यामागं पळालं, हे सांगणारी माणसं आता फार उरली नाहीत. पुढं जीप आल्या, मग सजवलेले ट्रॅक्टर. आता नवरदेवांना उघड्या टपाची गाडी लागते. सांगलीपासून कराडपर्यंत परण्याला आपलीच गाडी गेली पाहिजे, असा उदयसिंहाचा बेत होता.

खंडेनवमीला ट्रॅक्टर, पंप, विळे-खुरपी यांच्याबरोबर गाडीचीही पूजा झाली. मी हळदीकुंकू वाहिलं, उदयसिंहाच्या बायकोनं, रेश्मानं, ओवाळलं, पुरुषांनी नारळ फोडला. त्यानंतर आठवडाभरात टप अर्ध्यावर अडकला. झाकण वर, टप आभाळाकडं तोंड करून उभा, आणि आतून नुसता घूं घूं आवाज.

दुरुस्तीला लांब जायची गरज नव्हती. घरातच मल्हार होता. मल्हार माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ती गेली तेव्हा तो रांगत होता. मी त्याला घेऊन आले आणि जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या आक्कांनी, त्याला उदयसिंहाबरोबर एका ताटात जेवू घालून वाढवलं. सांगलीत राहून तो गाड्यांचं वायरिंग शिकला, पलूसच्या रस्त्याला त्याचं छोटं दुकान होतं. आणि त्याच दिवसांत त्याला सांगलीहून स्थळ आलं होतं. हळदीच्या पेठेतले नाथाजीराव, त्यांची मुलगी राजनंदिनी. मुलगी त्याला आवडली होती, मुलीलाही तो. आईबाप नसलेल्या मुलाची चौकशी घरच्यांकडंच होणार. आमच्या घरानं बरं म्हटलं तर लग्न, नाहीतर नाही.

गाडी बेदाण्याच्या रिकाम्या शेडात उभी असायची. मल्हारनं डिकीकडून अस्तर सोडवलं, हात घातला आणि तुटलेली वायर बाहेर ओढली. जोडली, टेप गुंडाळली. टप खुळखुळत मागं गेला. सगळ्यांनी चहा घेतला. चार दिवसांनी टप पुन्हा अडकला. पुन्हा वायर तुटलेली, पण दुसरी.

मल्हार म्हणाला, "उंदीर हाय, दादा."

उदयसिंहानं शेजारच्या ट्रॅक्टरकडं बघितलं. "आणि त्या उंदराला ट्रॅक्टर दिसत न्हाई व्हय रं? का त्येला बी परण्याला जायचंय?"

सगळे हसले. पण प्रश्न खरा होता. बेदाणा उन्हाळ्यातच कोल्ड स्टोरेजला गेलेला, शेडात खायला दाणा नाही. ट्रॅक्टरची वायर शाबूत, मोटरसायकलची शाबूत. मग याच गाडीत उंदराला काय दिसलं? मल्हार म्हणाला, टपाचा सांगाडा सोडवून तळ बघायला पाहिजे. उदयसिंह नको म्हणाला. एकदा सांगाडा सोडला की टप परत तसा बसत नाही, असं त्याला पुण्याच्या विकणाऱ्यानं बजावलं होतं. खरं कारण तेवढंच होतं की नाही, याची मला तेव्हाही शंका होती.

तिसऱ्यांदा वायर तुटली तेव्हा कुणी हसलं नाही.

आक्का स्वयंपाकघरात भाकरी थापताना बोलायला लागल्या. तोडायची कुठं आणि जोडायची कुठं हे घरात एकालाच कळतं. तासगावात दुसऱ्या कुणाची अशीच गाडी आहे, त्या माणसाकडं मल्हारचं जाणंयेणं आहे. थोड्या दिवसांनी उदयसिंह कंटाळून गाडी मोडीच्या भावात काढील, मग कोण घेईल ते बघा. हे सगळं त्या भिंतीला सांगितल्यासारखं सांगायच्या. मल्हार पलीकडं जेवत असला तरी.

मला उलटा संशय यायला लागला. एकदा दुपारी उदयसिंह पक्कड हातात घेऊन शेडातून एकटाच बाहेर येताना मी पाहिला. काय करत होतास विचारलं तर म्हणाला, काही नाही काकी, बघत होतो. आमची रस्त्याकडेची जागा मल्हारला दुकानासाठी द्यायची असं मालकांच्या मनात होतं, हे त्याला ठाऊक होतं. मल्हारला घालवायला तोच हे करत नसेल कशावरून? मी मालकांना बोलून दाखवलं. ते वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, "म्हंजे आता तू बी."

मग घरात सगळं विचित्र झालं. शेडाकडं कोण गेलं याकडं प्रत्येकाचे कान. रेश्मा वाळवणाच्या निमित्तानं शेडासमोर बसायची. मल्हार वायर जोडायला गेला की उदयसिंह मागं उभा राहायचा, हातात काही नसताना. दिवाळीत एकत्र अभ्यंगस्नान झालं, पण फराळाच्या ताटाशी दोघे भाऊ एकमेकांना चकली पुढं करेनात.

अशात नाथाजीराव चौकशीला आले. गोरे, शांत गृहस्थ, प्रत्येक वाक्य तोलून बोलणारे. चहा आला. मालकांनी मल्हारचं चांगलं सांगितलं. नाथाजीरावांनी आक्कांकडं वळून विचारलं, तुमच्याच मांडीवर वाढला म्हणे?

"व्हय की," आक्का म्हणाल्या. "पोरगं लय हुशार. त्येच्या हाताला येक काम सुटत न्हाई. गाडी नीट बी करतंय अन्..." आणि थांबून त्यांनी पदर सावरला. "जाऊ द्या. च्या घ्या."

मी आतून बाहेर आले आणि म्हणाले, "आमचा मल्हार तसला न्हाई."

नाथाजीरावांनी कप बशीत ठेवला. "तसला म्हंजे कसला?"

मालकांनी गाडीची हकीगत सांगितली, जेवढी सांगता येईल तेवढी हलकी करून. ती सांगताना अधिकच जड होत गेली. नाथाजीराव सगळं ऐकून उठले, नमस्कार केला आणि कळवतो म्हणाले. असं म्हणून गेलेली माणसं कळवत नाहीत, हे आमच्या वयाच्या बायकांना सांगावं लागत नाही.

मल्हार ओसरीच्या पायरीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं हत्यारांची पेटी मोटरसायकलला बांधली. साताऱ्यात मित्राचं गॅरेज आहे, तिकडं जातो म्हणाला. आक्का देवघरातून बाहेर आल्या नाहीत. उदयसिंह अंगणात होता. मल्हार त्याला म्हणाला, "दादा, शेडाला कुलूप लाव. किल्ली तुझ्याजवळ ठेव. आन् मग बघ." एवढंच बोलून गेला.

उदयसिंहानं खरंच कुलूप लावलं. त्याआधी सांगलीहून माणूस आणून वायर नवी घातली. किल्ली कमरेच्या करगोट्याला. आम्ही शेडाकडं बघायचंसुद्धा सोडलं. तुळशीची लग्नं लागली, पहिलं परण्याचं बोलावणं आलं. त्या सकाळी उदयसिंहानं गाडी अंगणात काढली, फुलांच्या माळा बांधल्या, बटण दाबलं. टप अर्ध्यावर उभा राहिला.

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. किल्ली त्याच्याच कमरेला होती. आता संशय घ्यायचा तर स्वतःवर घ्यावा लागणार होता. परण्याला दुसऱ्याची जीप गेली. उदयसिंह मालकांना म्हणाला, "तात्या, खोलायचं. टप गेला तर जाऊ दे."

दोघांनी अंगणातच सांगाडा सोडवायला घेतला. रेश्मा मोबाईलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावून धरायची. तो काय बोलतो ते तिला थोडं कळायचं, बाकी त्याच्या हातांकडं बघून. नट एका परातीत, पट्ट्या गोणपाटावर. दुपार कलता कलता टप उचलून भिंतीला टेकवला. मालकांनी खोलगट जागेचं तळाचं अस्तर वर केलं आणि हात आत घातला.

आधी निघाली खोबऱ्याची वाटी, कडेनं कुरतडलेली. मग तांदळाची फोलपटं, खारकेच्या बिया, बेदाण्याचे देठ, एक हळकुंड. आणि शेवटी उंदराचं घरटं, त्यातली गुलाबी पिल्लं आणि घरटं ज्याचं केलं होतं तो जांभळा खण. अर्धा चिंध्या झालेला, पण काठ शाबूत.

तो खण मी ओळखला. रेश्मानंही ओळखला असावा, कारण तिनं मोबाईल खाली केला. आक्कांच्या लग्नात त्यांच्या आईनं ओटीत घातलेला खण तो. ऐन तारुण्यात आक्कांचे मालक, माझे थोरले दीर, वारले, त्यानंतर तो खण शिवला गेला नाही. ट्रंकेत तळाशी असायचा. दर उन्हाळ्यात उन्हाला काढताना मी बघायची. दीर गेल्यापासून आक्कांनी कुणाची ओटी भरली नाही. घरातल्या सुनांच्या, लेकींच्या, डोहाळजेवणाच्या, सगळ्या ओट्या मी भरल्या. आक्का सामान काढून द्यायच्या आणि आत जायच्या.

आक्का शेडाच्या दाराशी उभ्या होत्या.

"माजी हाय ती वटी," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला तुमी म्होरं नारळ फोडत होता. टप वर हुता, झाकण उघडं हुतं, तळच्या अस्तराखाली सरकवली. म्हणलं लेकाची गाडी हाय, घरात आल्याली लक्षुमी. बाईमाणसाला चालत नसंल माज्या हातचं, गाडीला कोन इचारतंय."

उदयसिंहानं खण झटकला आणि घडी घालायला लागला, पण घडी पडण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"आई, उंदीर म्हणत हुता त्यो. तवा तरी सांगायचं हुतंस," तो म्हणाला.

"कसं सांगू? समद्यास्नी कळलं असतं न्हवं, रांडमुंड बाईनं वटी भरली म्हनून." आणि मग त्यांनी आजवर कधी वापरला नव्हता अशा आवाजात मालकांना सांगितलं, "भावजी, मला सांगलीला न्ह्या. आत्ता."

मालक म्हणाले, मी जाऊन सांगून येतो, तुम्ही कशाला. आक्का ऐकेनात. बोलणं माझ्या तोंडून गेलंय, म्हणाल्या. घरात दुसरी चारचाकी नव्हती. टप भिंतीला टेकवलेला, परात नटांनी भरलेली. शेवटी त्या उघड्या गाडीतच आम्ही निघालो. उदयसिंह चालवायला, शेजारी मालक, मागं आम्ही दोघी जावा. सकाळच्या फुलांच्या माळा तशाच लोंबत होत्या. रस्त्यानं माणसं वळून बघत होती; एका ठिकाणी ऊसतोडीच्या बायकांनी हसून हात केला, त्यांना वाटलं म्हाताऱ्यांची वरात आहे. आक्कांनी सांगली येईपर्यंत डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी एकदा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

नाथाजीरावांच्या घरी सोप्यात शेजारपाजारची माणसं बसलेली होती. बाजूला घेऊन बोलू, असं मालक म्हणायच्या आत आक्कांनी कमरेची पिशवी सोडली आणि खणाच्या चिंध्या फरशीवर ठेवल्या. मी विधवा असून ओटी भरली, तिच्यावर उंदीर आले, आणि नाव मी पोराचं घेतलं, असं त्यांनी भरल्या माणसांत सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "पोरगं चांगलं हाय. माज्या घरातलं म्हनून न्हाई सांगत. माज्यापेक्षा चांगलं हाय."

नाथाजीरावांनी आतल्या बाजूला बघून सरबत आणायला सांगितलं. घेऊन राजनंदिनीच आली. तिनं पहिला पेला आक्कांना दिला आणि पायाला हात लावला.

लग्न त्याच हंगामात झालं. पण नवरदेवाचं घर म्हणून मल्हारनं साताऱ्यात भाड्यानं घेतलेल्या खोल्या सांगितल्या, कुंडल नाही. आम्ही पाहुण्यांसारखे गेलो. उदयसिंहानं टप पुन्हा बसवून घेतला होता, गाडी धुऊन सजवून परण्यासाठी दारात आणून उभी केली. मल्हार मुंडावळ्या बांधून बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"नको दादा," तो म्हणाला. "टप मधीच अडकला तर पुन्यांदा कुनाचं नाव घ्यायचं?"

हसत म्हणाला. उदयसिंहही हसला आणि मग हार नीट करण्याच्या निमित्तानं तोंड फिरवून उभा राहिला. मल्हार मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून मारुतीला गेला. लाल गाडी वाजंत्रीच्या मागून रिकामी चालत राहिली.

आक्का परवाच्या थंडीत गेल्या. त्याआधीच्या खंडेनवमीला रेश्मानं त्यांच्या हातात ओटीचं ताट दिलं होतं आणि ट्रॅक्टरची ओटी त्यांनी अंगणात, सगळ्यांसमोर भरली होती. उदयसिंहानं गाडी कराडच्या एका फोटोवाल्याला देऊन टाकली. लग्नाआधी नवरानवरीचे फोटो काढतात त्याला ती लागते म्हणे. उदयसिंह आता बेदाण्याचंच बघतो. नाथाजीरावांना गुडघ्यांनी धरलं आहे, पण पेठेत जातात. मालकांना ऐकू येत नाही, किंवा त्यांना हवं तेवढंच येतं. राजनंदिनीला मुलगी झाली, आणि मला मावशीआजी म्हणून दर रविवारी फोन असतो.

मल्हारचं साताऱ्यात स्वतःचं गॅरेज झालं. दिवाळीला बायकोमुलीला घेऊन येतो, जेवतो, भावाशी गप्पा मारतो, दिवे लागायच्या आत निघतो. रस्त्याकडेची जागा मालकांनी त्याच्या नावावर करायला घेतली, त्यानं नको म्हणून सांगितलं. आमच्या घरात तो एकटा कुठंच जात नाही. परवा मुलीचा चेंडू शेडात गेला. मल्हार दारापर्यंत गेला आणि तिथूनच हाक मारली, "दादा, जरा ये की संगं."

उदयसिंह ताटावरून उठून गेला.