डब्यातली टिकटिक

मुकुंदला घड्याळांचा नाद होता, पण चाकणच्या त्याच्या कंपनीत त्याने तो कुणाला कळू दिला नव्हता. लोक हसतील, असं त्याला वाटे. वेळ बघायला मोबाइल पुरतो हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला हवी असत ती तऱ्हेवाईक घड्याळं, कुणीतरी 'असं करून बघू' म्हणत हौसेनं बनवलेली. बायको, चित्रा, त्यांना 'तुझी वेडी मंडळी' म्हणायची.

त्या सकाळी त्यातली तीन मनगटी घड्याळं त्याने चावी देऊन स्टीलच्या डब्यात ठेवली. कंपनी सुटल्यावर यशवंतरावांना दाखवायची होती. तेही असलेच शौकीन. कंपनीच्या बसमध्ये मागच्या रॅकवर पिशवी टाकून तो पुढे येऊन बसला आणि ताथवडे सुटायच्या आतच झोपला.

जाग आली ती आरडाओरड्याने. बस तळवड्यात कडेला उभी, आत त्याच्याशिवाय कुणी नाही.

"साहेब, उतरा आधी!" ड्रायव्हर खंडू खालून ओरडला. "मागच्या पिशवीत कायतरी टिकटिकतंय, आन् आत्ता तर घरघरायला लागलं! पोलिसांना फोन लावतोय."

मुकुंद धडपडत उठला. मग लख्ख उमगलं. गजराचं घड्याळ! डब्यात ते भुंग्यासारखं घुमलं असणार.

"नको लावू फोन, खंडू," तो कसाबसा म्हणाला. "पिशवी माझी आहे. घड्याळं आहेत त्यात."

त्याने डबा खाली आणून उघडला. क्षणभर कुणी जवळ येईना. मग स्टोअरमधली विजयश्री मटकन फुटपाथवर बसली आणि हसतच सुटली. तिच्यामागोमाग सगळेच.

"राव, जीव गेला असता आमचा!" अकाउंट्समधला सलिल म्हणाला.

"चुकलं माझं," मुकुंद मान खाली घालून म्हणाला. आता बोलणी खायची, म्हणून तो उभा राहिला. पण विजयश्रीने डब्यातलं एक घड्याळ उचललं.

"याचे आकडे उलटे कसे? आणि काटाही उलटा फिरतोय!"

"अशी भिंतीवरची घड्याळं सलूनसाठी बनायची, हे त्यांचंच मनगटी रूप. खुर्चीतल्या माणसाला आरशात वेळ सरळ दिसते."

तिने ते बसच्या आरशासमोर धरलं. "अगं बाई, खरंच की!"

आरशापाशी झुंबड उडाली. तिसरं घड्याळ अंधांसाठीचं होतं. काच उघडायची आणि काटे बोटांनी चाचपायचे. सलिलने डोळे मिटून चाचपलं.

"पावणेआठ?"

"बरोब्बर!" मुकुंद म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं की आपण केव्हाचे मोकळेपणी हसतो आहोत. छातीवरचा दगड उतरावा तसं झालं. इतकी वर्षं आपण कुणाला भीत होतो?

"चला, बसा आता," खंडूने हाक मारली. "उशीर का झाला म्हणून गेटवर विचारलं तर काय सांगायचं?"

"ट्रॅफिक!" सगळे एकदम ओरडले.

विजयश्रीने उलटं घड्याळ मनगटावर चढवलं होतं. चाकण येईपर्यंत ते काढायला ती काही तयार झाली नाही.