बांड्याचं बी

बन्ने आपल्या रेड्याला कधी हाक मारायची नाही, नुसती टाच आपटायची. तळ्याच्या काठावर धाडकन पाय आपटला की पलीकडं चिखलात लोळणारा बांडा मान वर करायचा, घारे डोळे फिरवायचा आणि पाणी कापत थेट तिच्यापाशी यायचा. जन्माचा बहिरा होता तो. पण जमीन हलली की त्याला बरोबर कळायचं, ही बन्नेच आहे म्हणून.

आणि काय रूप होतं! भातासारखं पांढरं अंग, त्यावर शाई सांडावी तसे काळे डाग, पिवळसर शिंगं. खालच्या रांतेपाओ शहराच्या बाजारातनं माणसं डोंगर चढून त्याला नुसतं बघायला यायची. कोवळं गवत कापून आणायचं, अंग घासायचं, माश्या वारायच्या, सगळं बन्नेच करायची. लग्न राहिलं, वय गेलं, थोरला भाऊ बोर्निओला कोळशाच्या खाणीवर निघून गेला. मागं म्हातारी माणसं आणि जनावरं राहिली ती हिच्या गळ्यात.

तो भाऊ, पालुंगान, आता बापाच्या कार्याला आला होता. बाप गेल्या कापणीपासनं दक्षिणेच्या खोलीत आजारी होता. आजारी म्हणजे गेलेलाच, पण कार्य होईस्तोवर माणूस मेला असं म्हणायचं नाही. रोज सकाळी त्याच्या उशाला कॉफी ठेवायची, घराबाहेर पडताना त्याला सांगून पडायचं.

"हळू घास की जरा," पालुंगान काठावरनं ओरडला. "कातड्यावर वरखडा उठला तर चारचौघांत शोभा व्हईल."

"आजवर मीच घासलाय न्हवं? का बोर्निओवरनं तू घासत हुतास?"

"तोंड लई चालाय लागलंय तुझं."

बन्नेनं हातातला काथ्या खाली टाकला. कधीपासनं मनात घोळत होतं ते बोलायला हीच वेळ होती. "दादा, बाच्या कार्याला काळे रेडे कापा. पायजे तेवढे कापा, मी न्हाई म्हनत न्हाई. पर ह्येला ऱ्हाऊ दे. आक्ख्या पट्टीत बांडा म्हनून ह्यो एकलाच उरलाय."

"एकलाच हाय म्हनून तर कापायचा! बा काय काळ्यावर बसून पितरांच्या मुलखात जाईल? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मग कापायच्या आधी आपल्या काळी म्हशीवर तरी घाल एकदा. बी तरी ऱ्हाईल मागं."

"खुळी का काय तू? म्हशीनं लाथ घातली, शिंग मोडलं, म्हंजे? कार्याचा रेडा म्हशीवर घालत न्हाईत. आज्यापास्नं ठाऊक हाय आपल्याला."

बन्ने तरातरा घरी गेली आणि आईपुढं उभी राहिली. म्हातारी ओट्यावर पान कुटत बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि खलबत्ता बाजूला ठेवला.

"पोरी, तुझ्या बानं ह्यो रेडा सोता निवडलाय. आजारी मानसाचा शब्द मोडायचा?"

"मोडत न्हाई, आये. पर माझं बी कुनी ऐकनार का न्हाई?"

म्हातारीनं खलबत्ता पुढं ओढला. पुन्हा पान कुटायला लागली. बन्नेला वाटलं, हिच्यापेक्षा बांडा बरा, तो निदान खरोखरचा बहिरा आहे.

कार्याच्या आधी जनावरं तपासायला डॉक्टरीण आली. रुत तिचं नाव, पलीकडच्या खोऱ्यातलीच बाई. तिनं बांड्याचे दात बघितले, कानामागं टिचकी वाजवली आणि हसली.

"बाई, ह्यो असा बहिरा का हो?" बन्नेनं विचारलं. "लोक म्हनत्यात, म्हस गाभन असताना मी चुलीवर काय वाकडं भाजलं म्हनून."

"काही नाही तसं. रेडकू पोटात असतं ना, तेव्हा रंगाचे कण पाठीवरनं अंगभर पसरतात. त्यातलेच काही कानात आत जाऊन बसतात. तिथं ते नसले तर कान चालत नाही. याच्यात ते नीट पसरलेच नाहीत, म्हणून अंग पांढरं आणि कान बंद. जे बी रूप देतं तेच बहिरेपण देतं."

"आन ह्येचं रेडकू?"

"प्रत्येक रेडकाला आईकडनं एक बी आणि बापाकडनं एक. याच्याजवळ एक बांडं असेल, एक काळं. रेडकाला कुठलं जाईल ते नाणं उडवल्यासारखं बघ. बांडं गेलं तर बांडं, काळं गेलं तर काळं. आणि काळ्याच्या पोटात बांडं बी लपून राहत नाही. एकदा सुटलं की सुटलं."

बन्ने बराच वेळ रेड्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे ज्येच्यात बांडं बी, त्येलाच आपन कापतो. काळी ऱ्हात्यात, त्यांचीच पैदास व्हती. बांडी कमी झाली की त्यांचा मान वाढतो. मान वाढला की आजून कापायची."

"रानात जनावरांची निवड रोगराई करते, दुष्काळ करतो," रुत म्हणाली. "इथं तुमचं कार्य करतं."

"मग तुमी सांगा की माझ्या भावाला."

"मी? माझ्या सासऱ्याच्या कार्याला आम्हीही बांडाच कापला गं. मी तिथंच उभी होते." रुतनं मान खाली घातली आणि पिशवी आवरली.

पुढच्या आठवड्यात काळी माजावर आली. गोठ्यात हंबरून हंबरून तिनं जीव नको केला. पालुंगान गावकऱ्यांबरोबर पाहुण्यांसाठी बांबूचे मांडव उभे करत होता. बन्ने काळीला आणि बांड्याला तळ्यावर घेऊन गेली, लखलखीत ऊन पडलं होतं. तिनं बांड्याच्या वेसणीचं दावं सोडलं आणि आपण पाठ फिरवून गवत कापायला बसली. भीती तर अशी वाटत होती की विळा बोटावर येईल. शिंग मोडलं असतं तर भावानं तिला घरात घेतलं नसतं. पण काही मोडलं नाही. बांडा चिखलानं माखून परत आला आणि तिच्या खांद्यावर नाक घासत उभा राहिला.

"झालं न्हवं? आता गप ऱ्हा," ती त्याला म्हणाली, जसं काय तो कुणाला सांगणारच होता.

कार्य दणक्यात झालं. मांडव माणसांनी फुलले, डुकरं ओरडत होती, बांबूच्या नळ्यांत मांस शिजत होतं. बांड्याला मधल्या अंगणात दगडाला पाय बांधून उभा केला. गोंगाटाचं त्याला काहीच नव्हतं. बाकीचे रेडे बुजत होते, हा आपला शांत. लोक म्हणायला लागले, बघा, राजाचं जनावर, कसं डगमगत नाही!

मग पुरुषांनी हातात हात गुंफून भोवती कडं धरलं. बापाचं आयुष्य गाता गाता ते पाय आपटू लागले. एक पाऊल आत, एक बाहेर, धाड, धाड. जमीन हलायला लागली.

आणि बांड्यानं मान वर केली.

बन्ने मांडवाच्या कडेला होती, ती जागच्या जागी थिजली. तो तिला शोधत होता. या बाजूला बघ, त्या बाजूला बघ, दावं ताणून एक पाऊल पुढं. इतके पाय एकदम हाक मारत होते, आणि त्यात ती कुठंच नव्हती. तिनं पाय उचलला, पण आपटला नाही. आपटला असता तर तो दगडासकट तिच्याकडं आला असता, आणि नेणार कुठं होती ती त्याला? सुरीवाला पुढं झाला तेव्हाही बांडा गर्दीतच बघत होता.

त्याची शिंगं घरापुढच्या खांबावर चढली. पालुंगान बोर्निओला परत गेला. जाताना बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "लई चांगला राखलास गं." बन्नेनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

काळीचं पोट दिसायला लागलं तशी म्हातारीला शंका आली. पण ती बोलली नाही. बन्ने मात्र रोज एकच मागणं मागायची, पारडी होऊ दे. मादी असली तर कुणाच्या कार्याला जात नाही, गोठ्यात राहते, वीण वाढवते. बांडी पारडी होऊ दे.

पुढच्या कापणीनंतर काळी व्याली. रेडकू बांडं झालं आणि नर निघालं.

बन्ने वारेच्या चिखलात तशीच बसून राहिली. हसावं का रडावं तेच तिला कळेना. कानाशी टाळी वाजवून बघितली, रेडकू आपलं आईची कास धुंडाळत होतं. मग ती उठली आणि टाच आपटली. रेडकानं लटपटत मान वळवली. तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही.

म्हातारी काठी टेकत गोठ्यापर्यंत आली. बघितलं, आणि तिचं सुरकुतलेलं तोंड उजळलं.

"आगं, ह्यो तर माझा! पालुंगानला फोन लाव. सांग, आयेचा बांडा आला. आता मी सुकानं डोळं मिटीन."

बन्ने ताडकन वळली. "मिटशील बरी! आयक, आये. मोठा झाला की मी ह्येला म्हशींत सोडनार. चोरून न्हाई, दिवसाढवळ्या. गावात जी म्हस माजावर यील तिच्यावर घालनार. आन तू हायस तवर ह्येच्या अंगाला कुनी हात लावायचा न्हाई."

म्हातारीनं रेडकाच्या कपाळावर हात ठेवला. "शिंग जप म्हंजे झालं," ती म्हणाली. "म्या किती जगंन ते काय माझ्या हातात हाय व्हय?"

"माझ्या हातात हाय."

तेव्हापासनं बन्नेनं म्हातारीचा पिच्छा पुरवलाय. सकाळी अंडं, दुपारी रक्तदाबाची गोळी, थंडी पडली की अंगावर दुलई. पायरी ओली असली की उचलून ओट्यावर. तंबाखू तर बंदच. म्हातारी वैतागते, शिव्या देते. शेजारणी म्हणतात, पोरगी असावी तर अशी!

परवा मटणाचा रस्सा पुढं आला तेव्हा म्हातारीनं वाटी हातात धरून गोठ्याकडं बघितलं.

"खरं सांग, ह्यो माझ्यासाठी का त्येच्यासाठी?"

"पी गुमान," बन्ने म्हणाली, आणि वाटी तिच्या ओठाला लावली.