आत्याची जन्मतारीख

आत्याचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, आणि कारण पुन्हा तेच: जन्मतारीख भरलेली नाही. आत्या कपडे शिवायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागायची. शस्त्रक्रियेची यादी आज पाच वाजता बंद होणार होती, आणि पुढची थेट सहा महिन्यांनी. तिने तडक रुग्णालयाचा वरचा मजला गाठला. तिथे तिची भाची बसायची. नोंदणीचा प्रोग्राम भाचीनेच सहा वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि त्याचं कौतुकही घरात सगळ्यांत जास्त तिने स्वतःच केलं होतं.

"एक जानेवारी एकोणीसशे सत्तर!" आत्याने अर्ज टेबलावर आपटला. "ठसठशीत लिहिलंय. मी काय जन्मलेच नाही?"

"काउंटरवर चुकीचं टाईप केलं असेल गं." भाचीने स्वतः तारीख भरली. तिलाही तेच उत्तर मिळालं.

मग तिने दोन जानेवारी टाकून पाहिली, तर अर्ज मुकाट आत गेला. आदल्या दिवशीची, एकतीस डिसेंबर, तीही चालली. नको होता तो फक्त आत्याचा दिवस! भाची खुर्चीत पुढे सरकली. साडेचार झाले होते, पण असं काही समोर आलं की तिला जगाचा विसर पडायचा, आत्यासकट.

"मला सांगशील का काय चाललंय?"

"कॉम्प्युटर तारखेचा आकडा करतो, आत्या. एका ठरलेल्या क्षणापासून किती मिलिसेकंद झाले, तो आकडा. त्याच्या आधीच्या तारखा उणे."

"आणि तो क्षण कुठला?"

"एकोणीसशे सत्तरच्या एक जानेवारीची..." भाची मध्येच थांबली. तिने आत्याच्या तारखेचा आकडा मागवला. पडद्यावर नुसतं शून्य आलं. तिने कपाळावर हात मारला. 'आकडा नसेल तर अर्ज परत' अशी ओळ तिनेच लिहिली होती, आणि प्रोग्रामच्या या भाषेत अशा ठिकाणी शून्य म्हणजे काही नाहीच.

"म्हणजे जगाची मोजणी माझ्या जन्मापासून, आणि मलाच बाहेर काढलं?"

भाची खो खो हसली. तिने ओळ दुरुस्त केली, अर्ज पुन्हा भरला, आणि पावणेपाचला आत्याचं नाव यादीत अडतिसाव्या जागी चढलं. आत्याचा जीव भांड्यात पडला. भाची तर भलतीच खूश होती. असली गंमत तिला आजवर सापडली नव्हती.

पिशवी उचलता उचलता आत्याने विचारलं, "मला तू होतीस. या तारखेचे बाकीचे कुणाकडे गेले असतील गं?"

भाचीचं हसू विरलं. तिने परत पाठवलेले अर्ज उघडले आणि ती तारीख शोधली. आत्याखेरीज नऊ नावं निघाली. पहिलं एका सुताराचं, चार वर्षांपूर्वीचं, दोनदा परत गेलेलं. तिसऱ्यांदा तो आलाच नव्हता.

यादीत दोन जागा उरल्या होत्या. तिने फोन उचलला.

"रुग्णालयातून बोलतेय. तुम्ही जन्मतारीख भरली नाही, असं आम्ही म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही भरली होती."