दोन बाजूंनी चावलेली रोटी

कोकंद शहरात घरातलं माणूस लांब निघालं की त्याला ताज्या रोटीचा एक घास चावायला लावतात आणि उरलेली रोटी भिंतीवर टांगून ठेवतात. त्याने परत येऊन ती संपवायची. सैन्यात जाणाऱ्यांना देतात, रशियात मजुरीला जाणाऱ्यांना देतात. मुकद्दसच्या घरात सासरी जाणाऱ्या मुलीला मात्र देत नसत. ती परत यावी असं कोणाला वाटतं? मुकद्दसलाही दिली नव्हती. तरी ती आलीच, दहा वर्षांनी, घटस्फोट घेऊन, शिलाई मशीनसकट.

आता ती फरगाना शहरात राहायला निघाली होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचं काम आणि भाड्याची एक खोली, जिची किल्ली तिच्या एकटीकडे. गल्लीचं भाकीत ठरलेलं होतं: चार दिवस हौस करेल आणि येईल. शेजारच्या सनोबरखालाच्या जिभेला तर हाडच नव्हतं.

"एकटीला चहा तरी गोड लागेल का गं?"

"लागेल की खाला. साखर मीच घालणार. सासरी सासूबाई घालायच्या, म्हणून तर हे असं झालं!"

तेवढ्यात आई गरम रोटी घेऊन आली. "चाव बाई."

मुकद्दसने रोटी हातात घेतली. चावावी, तर रोटी इथल्या भिंतीवर, म्हणजे घरही इथेच, आणि फरगानाला आपण नुसत्या पाहुण्या. खाला रोज रोटीकडे बघून विचारणार, आली का? न चावावी, तर आईला काय वाटेल! तिने चांगला मोठा लचका तोडला आणि रोटी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली.

"अगं अगं, ती इथे टांगायची असते!" खाला किंचाळली.

"परत जिथे यायचं तिथेच टांगतात ना? मी रोज कामावरून माझ्या खोलीवर परत येणार."

पण आईने भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं, आणि मुकद्दसला आपलंच बोलणं टोचलं.

आईने पिशवीत हात घातला. रुमाल सोडला. मुकद्दसला वाटलं, आता ही रोटी खुंटीवर जाणार. आईने रोटी फिरवली, दुसऱ्या बाजूने एक घास चावला, उरलेल्या चार दातांनी सावकाश चघळला आणि रोटी पुन्हा गुंडाळून पिशवीत ठेवली.

"उंचावर टांग, उंदीर लागतील," ती म्हणाली. "आता मलाही यावं लागणार."