निळीतला फेटा

मित्रांनो, मी एक जुना, झाकणाला पोचा पडलेला चहाचा डबा आहे. साताऱ्याच्या एका स्वयंपाकघरात माझी वर्षं गेली आणि मग रवानगी भंगाराच्या पोत्यात झाली. तिथून मला संयोगिताबाईंनी उचललं. त्या जतजवळच्या शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांनी मला आतून काळा रंग दिला आणि पोटाला सुईने बारीक भोक पाडलं. आत फोटोचा कागद ठेवला, की समोरचं जग त्यावर उलटं उमटतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. माझा मला फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

तो अभिमान एका दुपारी उतरला. बाईंची माजी विद्यार्थिनी पूजा दुसऱ्या दिवशी पहाटे सैन्याच्या प्रशिक्षणाला निघणार होती. तिथे मोबाईल जमा करतात, म्हणून तिला मेंढपाळ वडिलांचा कागदावरचा फोटो हवा होता. “जा खुशाल,” असं तिचे वडील अर्जुना तिला सकाळपासून हसून सांगत होते. फोटोसाठी त्यांनी फेटा निळीत बुडवून लख्ख केला, काळी घोंगडी पांघरली आणि ते भर उन्हात उभे राहिले. दोन कागद वाया गेले. फेट्याचा झाला घड्याही न दिसणारा कोळसा, आणि चेहरा, घोंगडी यांच्या जागी कोरा कागद. आता उलटा फोटो काढायला एक आणि त्यावरून सुलटा छापायला एक, असे दोनच कागद उरले.

“या कागदाला निळं फार दिसतं. तुमची नीळ भोवली,” बाई म्हणाल्या.

“मग फेटा काढू व्हय? लेकीनं उघड्या डोसक्याचा बाप न्यायचा?”

फेटा राहिला. बाईंनी त्यांना कडुलिंबाच्या सावलीत नेलं. अंधाऱ्या खोलीत कोऱ्या कागदाला फडक्यात गुंडाळलेल्या बॅटरीचा अंधुक उजेड क्षणभर दाखवला. त्यामुळे काळ्या भागातलं बारीकसारीकही कागदाला पकडता येतं. मग तो कागद माझ्या पोटात आला. अर्जुना काठीला टेकून चार मिनिटं हसत उभे राहिले. मला धाकधूक होतीच.

संध्याकाळी फोटो छापला. फेट्याच्या घड्या दिसल्या, गालावरच्या सुरकुत्या दिसल्या. पूजा मात्र फोटोच्या खालच्या भागाकडेच बघत राहिली. काळ्या घोंगडीच्या घडीत वडिलांच्या दुसऱ्या हाताची मूठ उमटली होती, घोंगडीची कड गच्च आवळलेली.

“आबा, मी जाऊ नगं व्हय?”

“हात कशाला बघतीस? त्वांड बघ की. हासतोय न्हवं.”

तिने फोटो छातीशी धरला. पहाटे ती गेली.

आता मी फळीवर असतो, कडेला गंज धरलाय. मित्रांनो, जुने डबे जपा, एवढं सांगून मी थांबणार होतो. पण घरच्यांचे फोटो हाती आले, तर नुसता चेहरा बघून ते ठेवून देऊ नका. त्यांचे हातही बघा.