टाइपिस्टबाईंचा अभ्यास

वकीलबाईंच्या ऑफिसातल्या टाइपिस्टबाईंची बोटं अशी चालायची, की समोर बसलेले पक्षकार आपलं दुःख विसरून बघत राहायचे. अशा बाईने चाळिशीत वकिलीच्या प्रवेश परीक्षेचं मनावर घेतलं आणि दोनदा सपशेल आपटली. यंदाचा प्रयत्न शेवटचा, असं तिने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. नवऱ्याने "झेपेल तेवढं कर बाई" म्हणून हात झटकले. राहिली कॉलेजातली लेक. ती मोबाइलवर वेळ लावून समोर बसायची.

गंमत अशी, की वेळ संपायच्या कितीतरी आधी आईचा सरावाचा पेपर पूर्ण! आणि निम्मी उत्तरं चूक. यावर बाईंचा उपाय काय, तर आणखी पेपर. सकाळी एक, जेवणाच्या सुट्टीत एक, घरी आल्या आल्या एक. तोंड पार उतरलं होतं, पण ऐकेल तर शपथ.

एका रविवारी लेकीने मधेच पेपर ओढून घेतला.

"आई, आत्ताच्या उताऱ्यात घर कोणाचं होतं?"

"घर?"

"दोन भाऊ भांडतायत ना घरावरून! धाकट्याचं म्हणणं काय?"

आईला काही केल्या आठवेना. "तिसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा छापलाय, तेवढं सांगते," ती पडेल आवाजात म्हणाली.

लेक खो खो हसली आणि आईचा चेहरा बघून तिच्या सगळं लक्षात आलं. टाइप करताना मजकुराच्या अर्थात शिरून चालत नाही. शिरलं की बोटं अडखळतात. इतकी वर्षं हिने डोळ्यांतून थेट बोटांत वाचलं होतं आणि अभ्यासही बिचारी तसाच करत होती.

"आजपासून दिवसाला एकच उतारा," लेकीने फर्मान काढलं. "वाचायचा, कागद पालथा घालायचा आणि मला गोष्ट सांगायची."

"अगं, परीक्षा तोंडावर आलीय!"

"म्हणूनच."

सुरुवातीला आईचा जीव नुसता टांगणीला लागला. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता ती भाडेकरूंची, भागीदारांची भांडणं रंगवून सांगू लागली. ऑफिसात मात्र पंचाईत झाली. पुतण्याने घराबाहेर काढलेल्या एका म्हाताऱ्याचा अर्ज टाइप करताना तिची बोटं थांबली.

"काय गं, लाइट गेली का?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही बाई. हे आजोबा आता राहतात कुठे?"

वकीलबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "बहिणीकडे. तू कधीपासून असलं विचारायला लागलीस?"

तिला लाज वाटली. किती जणांचे संसार आपल्या बोटांखालून गेले आणि आपण एकाचीही विचारपूस केली नाही.

परीक्षेत शेजारचे भराभर पानं उलटत होते. तिची बोटं शिवशिवत होती, पण ती एकेका उताऱ्यापाशी ठाण मांडून बसली. घंटा झाली तेव्हा शेवटच्या उताऱ्याचे सगळे प्रश्न कोरे होते. बाहेर आल्यावर तिने हे सांगितलं तशी लेक रडवेली झाली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

निकालाच्या दिवशी लेकीने मोबाइलवर यादी सरसर वर सरकवली. एकदा, दोनदा. मग फोन टेबलावर ठेवून ती आईच्या गळ्यात पडली.

"नाहीये गं, आई."

आईने तिला थोपटलं. मग एका हाताने फोन उचलला आणि पहिल्या नावापासून वाचायला सुरुवात केली. एकेक नाव, सावकाश. लेकीचे हुंदके चालूच होते.

"रडू नकोस," बऱ्याच वेळाने आई म्हणाली. "हे बघ, इथे आहे मी."